सीसीडी उणे ४० अंशांवर न्यायचा आहे? टीईसी बदलण्याआधी स्क्रू बघा

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आला आहे. विद्यार्थ्यांचा गट लहान उपग्रहासाठी कॅमेरा बांधतो आहे. कक्षा साधारण ५०० किलोमीटर, सीसीडी (कॅमेऱ्याची प्रकाश टिपणारी चिप) १३ मायक्रॉन पिक्सेलचा एमपीपी पद्धतीचा, म्हणजे अंधारातला प्रवाह कमी ठेवणाऱ्या रचनेचा, एक्स्पोजर ३० सेकंद, रीड नॉइज (चिप वाचताना मिसळणारी गडबड) ८ इलेक्ट्रॉन. सीसीडीच्या पाठीला दोन थरांचा टीईसी (वीज दिली की एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला उपसणारा पंप) असून त्याची गरम बाजू कॅमेऱ्याच्या ॲल्युमिनियमच्या पेटीवर बसवली आहे. निर्वात चेंबरमध्ये १.२ अँपिअरला सीसीडी उणे २० अंश सेल्सिअसवर जातो. १.६ अँपिअर दिले की तो उणे १७ वर परत येतो आणि पेटी २० वरून ३४ वर चढते. उणे ४० गाठायला मोठा टीईसी घ्यावा का, असं विचारलं आहे.

मोठा टीईसी घेऊ नका. तुमचा टीईसी कमी पडत नाही, त्याला फुकटचं काम जास्त आहे.

प्रवाह वाढवल्यावर उलटं का होतं, ते आधी पाहू. टीईसी थंड बाजूची उष्णता उपसतो ती प्रवाहाच्या प्रमाणात. पण तो स्वतः तापतो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि त्या तापण्यातला निम्मा वाटा थंड बाजूला परत येतो. १.२ वरून १.६ वर गेलात तेव्हा उपसा १.३३ पट झाला आणि तापणं १.७८ पट. शिवाय दोन बाजूंत जेवढा फरक, तेवढी उष्णता टीईसीच्याच खांबांमधून मागे झिरपते. पेटी १४ अंशांनी तापली म्हणजे तो फरकही वाढला. विहिरीवर पंप लावायचा आणि उपसलेलं पाणी काठावरच ओतायचं, तसं हे चाललंय. पाणी मुरून पुन्हा विहिरीतच येतं. मोठा पंप लावलात तर काठावर पाणी जास्त, एवढाच फरक.

टीईसीची कार्यक्षमताही डोळ्यांसमोर असू द्या. ६० अंशांच्या फरकावर अर्धा वॅट उपसायला दोन थरांचा टीईसी सहज ८ ते १० वॅट खातो. ते सगळे वॅट शेवटी अवकाशात फेकावे लागतात, आणि तुमच्या पेटीला तशी सोय दिसत नाही.

आता उणे ४० कशासाठी हवे, तो हिशोब करू. एमपीपी सीसीडीचा डार्क करंट (अंधारातही उष्णतेमुळे सुटणारे इलेक्ट्रॉन) २० अंशांना पिक्सेलमागे सेकंदाला साधारण २५० इलेक्ट्रॉन धरतात. निर्मात्याच्या तक्त्यातल्या सूत्रात तापमानाचा घन आणि घातांक दोन्ही असतात. ते लावलं तर उणे २० ला १.२, उणे ३० ला ०.२४ आणि उणे ४० ला ०.०४३ इलेक्ट्रॉन येतात. तीस सेकंदांत अनुक्रमे ३६, ७ आणि १.३. त्याचा नॉइज म्हणजे वर्गमूळ. रीड नॉइजच्या ८ इलेक्ट्रॉनांशी वर्गांच्या बेरजेने जोडा. उणे २० ला एकूण १०, उणे ३० ला ८.४, उणे ४० ला ८.१. पहिल्या दहा अंशांनी खरा फायदा दिला, पुढच्या दहांनी जेमतेम चार टक्के. नवा कोरा सीसीडी आणि ३० सेकंदांचं एक्स्पोजर एवढ्यावरच बोलायचं तर उणे ३० पुरे.

मग उणे ४० ची धडपड व्यर्थ का? नाही, पण तिचं कारण वेगळं. कक्षेत प्रोटॉन सिलिकॉनमध्ये दोष पाडत राहतात आणि हॉट पिक्सेल, म्हणजे फार जास्त डार्क करंट असलेले पिक्सेल, दर महिन्याला वाढत जातात. शाबूत पिक्सेलचा डार्क करंट उणे २० ते उणे ४० मध्ये सुमारे २८ पट खाली येतो. हॉट पिक्सेल तेवढे ऐकत नाहीत. सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधल्या फटीच्या मधोमध बसलेल्या दोषाचा प्रवाह त्याच वीस अंशांत साधारण १२ पटच उतरतो, आणि दोषाभोवती विद्युतक्षेत्र तीव्र असेल तर त्याहूनही कमी. म्हणून आरेखन उणे ४० चं करा, सुरुवातीला उणे ३० ला चालवा, आणि उरलेले दहा अंश दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. हबल अवकाश दुर्बिणीच्या एसीएस कॅमेऱ्याने असंच केलं. तो २००२ मध्ये बसवला तेव्हा त्याचा वाइड फील्ड सीसीडी उणे ७७ ला चालायचा. जुलै २००६ मध्ये, राखीव इलेक्ट्रॉनिक्सवर गेल्यानंतर, तो उणे ८१ ला आणला गेला, तो मुख्यतः हॉट पिक्सेल आटोक्यात ठेवण्यासाठी. चारच अंश, तरी त्यापायी फ्लॅट (एकसारख्या प्रकाशात घेतलेली दुरुस्तीची प्रतिमा) आणि झिरो-पॉइंट (तेजस्विता मोजण्याचा पायाआकडा) नव्याने काढावे लागले. त्याबद्दल खाली येतंच.

आता गळती. सीसीडी उणे ४०, पेटी २०, म्हणजे ६० अंशांचा फरक धरून एकेक वाट मोजू.

सीसीडीची स्वतःची उष्णता लोक उगाच मोठी समजतात. क्लॉकची (चार्ज पुढे सरकवणाऱ्या व्होल्टेजच्या ठोक्यांची) शक्ती म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारिता. उभ्या क्लॉकची धारिता १० नॅनोफॅरड, १० व्होल्ट, सेकंदाला हजार ओळी धरल्या तर एका फेजला एक मिलिवॅट. आडव्या क्लॉकला १०० पिकोफॅरड आणि १ मेगाहर्ट्‌झ धरले तर १० मिलिवॅट. चिपवर खरा खर्च आउटपुट ॲम्प्लिफायरचा, दोन आउटपुटांना मिळून साधारण ०.१५ वॅट. ॲम्प्लिफायरचा लोड रेझिस्टर मात्र थंड बाजूच्या बोर्डावर ठेवू नका. तो पेटीच्या बाजूला न्या.

समोरच्या लेन्समधून आणि नळीच्या आतल्या भिंतींवरून येणारं प्रारण: ३० गुणिले ३० मिलिमीटरचा पृष्ठभाग, प्रभावी उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती सहज सोडतो-घेतो त्याचं ० ते १ माप) ०.५ धरली तर ०.११ वॅट. हे पूर्ण टळत नाही. सीसीडीभोवती त्याच्याच तापमानाची एक पातळ ॲल्युमिनियमची कड उभी केली आणि तिची बाहेरची बाजू चकचकीत ठेवली तर ०.०७ पर्यंत येईल.

आणि आता मुख्य गुन्हेगार. प्रश्नासोबत पाठवलेल्या तुमच्या फोटोत सीसीडीचा थंड ब्लॉक पेटीला चार एम-३ स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी जोडलेला दिसतो. खाली प्लॅस्टिकचे वॉशर आहेत, म्हणून उष्णतेची वाट बंद झाली असं तुम्ही धरून चालला आहात. पण स्क्रूचं डोकं थंड ब्लॉकवर टेकलंय आणि आटे पेटीत आहेत. वॉशरला वळसा घालून स्क्रू सरळ पलीकडे जातो. त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस मिलिमीटर, मोकळी लांबी १० मिलिमीटर, स्टीलची वाहकता १५ (वॅट प्रति मीटर प्रति अंश). एका स्क्रूतून ०.४५ वॅट, चारांतून १.८ वॅट. सीसीडीच्या स्वतःच्या उष्णतेच्या बारा पट! टीईसी सगळा वेळ हेच उपसत बसलाय.

टायटॅनियमचे स्क्रू लावले तर हे निम्म्याहून कमी होतं, पण प्रश्न सुटत नाही. खरा उपाय म्हणजे एकही धातू दोन्ही बाजूंना एकाच वेळी शिवता कामा नये. तीन जी-१० फायबरग्लासचे पाय करा. प्रत्येकाचं क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर, लांबी १५ मिलिमीटर. पायाचं एक टोक स्क्रूने ब्लॉकला, दुसरं टोक वेगळ्या स्क्रूने पेटीला, आणि दोन्ही स्क्रूंच्या मध्ये निव्वळ फायबरग्लास. तिन्ही पायांची मिळून गळती ०.०५ वॅट. याच मापाचे पाय टायटॅनियमचे केले असते तर ०.८ वॅट गेले असते, हे लक्षात असू द्या. टायटॅनियम म्हटलं की इन्सुलेटर अशी समजूत फार ठिकाणी रुजलेली दिसते. पीक (PEEK) या प्लॅस्टिकचे स्क्रू सुचवणारेही भेटतील. ताणाखाली ते हळूहळू सैलावतात, प्रक्षेपणाच्या कंपनांआधी त्यांच्यावर भरवसा टाकू नये.

दुसरा छुपा गुन्हेगार फ्लेक्स केबल. ३० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब आणि तिच्यात ३५ मायक्रॉनचा अखंड ग्राउंड प्लेन असेल तर तेवढं तांबं ०.२५ वॅट नेतं. प्लेन जाळीदार करून तांबं एक पंचमांशावर आणा, ०.०५ होईल. इथे एक सावधगिरी. प्लेन कापताना व्हिडिओ सिग्नलच्या प्रत्येक रेषेला लागून तिची परतीची रेषा ठेवा. नाहीतर गळती वाचवून रीड नॉइज ८ चा १२ कराल आणि वरचा सगळा हिशोब पाण्यात.

हीटर आणि सेन्सरच्या तारांना ०.०३ वॅट द्या. बेरीज करा: आधी २.३ वॅटच्या वर होती, आता ०.३५. अजून एकही अंश थंड केलेला नाही, पण काम एक सप्तमांशावर आलं.

०.३५ वॅट एवढं थोडं उरल्यावर टीईसीशिवाय निव्वळ रेडिएटरवर, म्हणजे अवकाशाकडे तोंड करून प्रारणाने उष्णता फेकणाऱ्या पट्टीवर, भागतं का ते पाहा. काळ्या किंवा पांढऱ्या रंगाची, ०.८५ उत्सर्जकतेची पट्टी उणे ६० अंशांना चौरस मीटरमागे ९९ वॅट फेकते. १५ गुणिले १५ सेंटिमीटरची पट्टी घेतली तर २.२ वॅट. हे ऐकायला छान आहे, पण पृथ्वी मध्ये येते. पृथ्वी स्वतः चौरस मीटरमागे सुमारे २४० वॅट अवरक्त प्रारण सोडते. ५०० किलोमीटरवर बाजूला तोंड करून असलेल्या पट्टीच्या दृष्टिक्षेत्राचा २७ टक्के भाग पृथ्वीने भरलेला असतो. त्यातून १.२४ वॅट परत येतात. हाती उरतो एक वॅट. तोही ०.३५ ला पुरून उरतो. पट्टी पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे वर तोंड करून ठेवता आली तर पृथ्वीचा वाटा शून्य होतो, पण मग सूर्याची गाठ पडते. पट्टी पांढरी, म्हणजे सूर्यप्रकाशाची शोषकता फक्त ०.२ असली तरी, तिच्यावर सूर्य सरळ पडला की ६ वॅट. त्या क्षणी खेळ संपला. म्हणून रेडिएटरचं तोंड कुठे, हा प्रश्न कॅमेरावाल्यांनी पहिल्याच बैठकीत उपग्रहाच्या दिशानियंत्रणवाल्यांपुढे मांडायचा असतो. ढगांवरून परतणारा सूर्यप्रकाश वरच्या आकड्यांत धरलेला नाही. पांढरा रंग अतिनील किरणांनी पिवळा पडतो तसा सूर्यप्रकाशाचा वाटाही वाढतो, त्यामुळे हिशोबात आयुष्याच्या शेवटची शोषकता घाला.

रेडिएटर आणि सीसीडीच्या मध्ये तांब्याचा लवचीक पट्टा लागतो. २० मिलिमीटर रुंद, ०.०५ मिलिमीटरच्या ४० पत्र्यांचा, १५० मिलिमीटर लांब पट्टा अंशाला ०.१ वॅट नेतो. टोकांचे सांधे धरले की निम्मं, ०.०५ समजा. म्हणजे ०.३५ वॅटला सात अंश पडतात. सीसीडी उणे ४०, तर रेडिएटर उणे ४७ किंवा खाली हवा. आपण उणे ६० धरलाय, हात मोकळा आहे. सांध्यात इंडियम या मऊ धातूचा पत्रा घाला. कोरडे धातू हवेत चांगले टेकलेले वाटतात, निर्वातात तोच सांधा कितीतरी वाईट होतो, कारण फटींतली हवा निघून जाते. थर्मल ग्रीस सीसीडीच्या आसपास नको, ती पसरते आणि तिची वाफ थंड पृष्ठभागावर जाऊन बसते. पत्र्यांऐवजी एकच जाड पट्टी वापरण्याचा मोह होईल. तिची ताठरता कंपनात सगळा भार सीसीडीच्या जोडावर टाकते.

गोव्यासाठी एक जादा सूचना. समुद्राकाठची हवा खारी. उघडं तांबं पावसाळ्याच्या दोन महिन्यांत काळवंडतं आणि सांध्याचा रोध वाढतो. पट्ट्याच्या टोकांना निकेलवर सोन्याचा मुलामा द्या, आणि जोडेपर्यंत तो नायट्रोजन भरलेल्या सीलबंद पिशवीत ठेवा. कपाटात नुसती सिलिका जेलची पुडी टाकून भागत नाही. इथल्या दमटपणात तिचे निळे मणी पाहता पाहता गुलाबी होतात.

तापमान नियंत्रण सोपं आहे, फक्त सेन्सरची जागा चुकवू नका. पीटी-१००० सेन्सर (प्लॅटिनमचा तापमापक) सीसीडीच्या पॅकेजवर चिकटवा. पट्ट्याच्या टोकावर लावला तर आकडा स्थिर दिसेल आणि सीसीडी हेलकावे खात राहील. त्यातून ०.१ मिलिअँपिअरच द्या. १ मिलिअँपिअरला तो स्वतःच एक मिलिवॅट उधळतो. तुमच्या तापमानाला डार्क करंट अंशाला जवळपास १७ टक्के बदलतो, म्हणून ०.१ अंशाची स्थिरता मागा. आणि सेट-पॉइंट (राखायचं तापमान) गाठता येणाऱ्या सर्वात थंड तापमानाच्या पाच ते आठ अंश वर ठेवा. वरचं अंतर छोट्या हीटरने भरून काढायचं. नियंत्रण होतं ते हीटरने, थंडाव्याने नव्हे. हे अंतर शून्यावर आणलं की कक्षेतल्या प्रत्येक उन्हाच्या फेरीत तापमान सुटतं. हबलच्या एसटीआयएस या वर्णपटमापकावर २००१ पासून राखीव इलेक्ट्रॉनिक्समध्ये सीसीडीच्या तापमानाचं बंद-चक्र नियंत्रणच नाही; टीईसी ठरावीक प्रवाहावर चालतो आणि डार्क करंट आवरणाच्या तापमानामागे अंशाला सुमारे सात टक्के सरकतो. दर वेळी तेवढी दुरुस्ती करावी लागते. तेव्हा सेन्सर दोन लावा, एक गेला तरी नियंत्रण हातात राहील.

आता चाचणी, आणि इथे गोव्याचं हवामान हिशोबात घ्यावंच लागतं.

पहिली गोष्ट, रेडिएटरची चाचणी साध्या चेंबरमध्ये होत नाही. चेंबरच्या भिंती २५ अंशांवर असतील तर रेडिएटरला आकाशाऐवजी त्याच दिसतात आणि तो कधीच थंड होत नाही. त्याच्यासमोर काळ्या रंगाची, द्रव नायट्रोजनने थंड केलेली प्लेट उभी करा. १०० केल्विनच्या आसपास राहिली तरी पुरे. चेंबरचा दाब १०⁻⁵ मिलिबारच्या आसपास आणा. नुसत्या नायट्रोजनमध्ये टेबलावर चाचणी घेतलीत तर दहा मिलिमीटरच्या फटीतूनच अर्धा वॅट जाईल, म्हणजे तुमच्या संपूर्ण बजेटपेक्षा जास्त. त्या आकड्यावरून काही ठरवू नका.

दुसरी, पाणी. फ्लेक्स केबलचं पॉलिइमाइड आणि इन्सुलेशनच्या चादरी हवेतली ओल शोषून बसतात, जी-१० चे पायही. मिरगापासून चवथीपर्यंत इथे बाहेरची आर्द्रता कायम ८०-९० टक्क्यांच्या घरात, तेव्हा बंद दारामागे ठेवलेली केबलही ओलीच समजा. चेंबरमध्ये घातल्यावर निर्वात करून ६० अंशांना निदान दोन दिवस भाजा, अर्थात सीसीडी आणि चिकटद्रव्यांची मर्यादा परवानगी देत असेल तर. चिकटद्रव्य निवडताना निर्वातात वाफ सोडण्याच्या (आउटगॅसिंग) चाचणीचा आकडा मागून घ्या: निर्वातात १२५ अंशांना २४ तास ठेवल्यावर एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत.

मग थंड करण्याचा क्रम. आधी नायट्रोजनची प्लेट थंड करा आणि सीसीडी त्या वेळात हीटरने २५-३० वर धरून ठेवा. चेंबरमधलं उरलंसुरलं पाणी प्लेटवर जाऊन बसेल. दाब स्थिरावला की मगच सीसीडीचा हीटर हळूहळू कमी करा. मिनिटाला पाच अंश ही बऱ्याच सीसीडींची कमाल मर्यादा असते, तुम्ही एक-दीड अंशाने जा. घाई करून मिळणार काही नाही, आणि सिरॅमिकचं पॅकेज, सिलिकॉन आणि चिकटद्रव्य आकुंचन पावतात ते वेगवेगळ्या वेगाने. गरम करताना क्रम उलटा: सीसीडी आधी गरम, प्लेट सर्वात शेवटी. प्लेट आधी गरम केलीत तर तिच्यावरचं सगळं पाणी उठून त्या क्षणी चेंबरमधल्या सर्वात थंड वस्तूवर, म्हणजे तुमच्या सीसीडीवर, जाऊन बसेल. याच चुकीने सीसीडी खराब होतात.

तिसरी, दार उघडणं. जुलैत खोलीत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या वर असतो. फ्रीजमधून काढलेली सोलकढीची बाटली बघता बघता घामेजते, तसंच २० अंशांचा धातूचा ब्लॉकही घामेजेल. पुण्या-नाशिकच्या थंडीतली सवय, की सगळं खोलीच्या जवळपास आलं म्हणजे उघडायचं, ती इथे चालत नाही. आतला प्रत्येक भाग ३५ अंशांवर असेल तेव्हाच कोरडा नायट्रोजन सोडा, आणि दार उघडल्यावरही नायट्रोजनची बारीक धार सीसीडीवर चालू ठेवा. निर्वातात वस्तू आपणहून गरम व्हायला तासन्‌तास लागतात. त्यासाठी रेडिएटरवरही चाचणीपुरता एक हीटर चिकटवून ठेवा.

कक्षेत गेल्यावर हेच पाणी पुन्हा भेटतं. उपग्रहाच्या चादरींमधून ओल कित्येक आठवडे निघत राहते. म्हणून कॅमेरा लगेच थंड करू नका. पहिले काही आठवडे सीसीडी २० अंशांवर धरून ठेवा. रेडिएटर जोडलेला असताना हे करायला हीटर किती लागतो, तेही आताच मोजा. तुमच्या पट्ट्याला अंशाला ०.०५ वॅट, सीसीडी २०, तर रेडिएटर उणे ३० च्या आसपास स्थिरावतो आणि हीटरला २.५ वॅट लागतात. ४ वॅटचा हीटर ठेवा. अर्ध्या वॅटचा हीटर लावलात तर नंतर हात चोळत बसाल. सूक्ष्म थर किती त्रास देतो याची दोन उदाहरणं पुरेत. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या नॅरो अँगल कॅमेऱ्यावर २००१ मध्ये धुकं आलं. सीसीडी उणे ९० वरून ३० अंशांपर्यंत गरम करून परत थंड केल्यानंतर ताऱ्यांभोवती वलयं दिसू लागली, आणि पुढच्या वर्षभरात पुन्हा पुन्हा गरम करून ते घालवावं लागलं. युरोपच्या युक्लिड अवकाश दुर्बिणीच्या प्रकाशमार्गात बर्फ साचल्याचं नोव्हेंबर २०२३ मध्ये लक्षात आलं. मार्च २०२४ मध्ये एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ पर्यंत तापवला आणि १५ टक्के प्रकाश परत मिळाला. उणे ४० ला पाण्याचा बर्फ निर्वातात टिकत नाही, तेवढं तुमचं नशीब चांगलं. पण सेंद्रिय वाफा उणे ४० लाही चिकटतात, आणि निळ्या-अतिनील प्रकाशात त्यांचा फटका जास्त. आदित्य-एल१ वरचा, पुण्याच्या आयुकाने घडवलेला सूट कॅमेरा २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पाहतो. तशा उपकरणात स्वच्छता हा थंडाव्याइतकाच मोठा विषय असतो.

तापमान बदललं की कॅलिब्रेशन बदललं, हे गृहीत धरा. बायसची (शून्य एक्स्पोजरलाही येणाऱ्या आकड्याची) पातळी सरकते, ॲम्प्लिफायरचा गेन किंचित बदलतो. ९०० नॅनोमीटरच्या पुढे सिलिकॉन थंड झाल्यावर कमी प्रकाश शोषतं, म्हणून लाल टोकाची संवेदनक्षमता घटते आणि फ्लॅटही बदलतो. उणे ३० आणि उणे ४०, दोन्ही ठिकाणचे फ्लॅट, बायस, डार्क आणि हॉट पिक्सेलचा नकाशा जमिनीवरच काढून ठेवा. कक्षेत सेट-पॉइंट हलवायची वेळ येईल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल. फोकसही थंड असतानाच लावा: सीसीडीमागचा २० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक ६० अंशांत २८ मायक्रॉन आखडतो. एफ/४ ला हे खपून जाईल, एफ/२ ला नाही.

एक गोष्ट मात्र थंड केल्याने बिघडू शकते. चार्ज सरकवताना किरणोत्सर्गाने झालेले सापळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात आणि काही वेळाने सोडतात. सोडण्याचा काळ तापमानावर अवलंबून असतो. फॉस्फरस-रिक्ती जोडीच्या (फॉस्फरसचा अणू आणि शेजारची अणूची रिकामी जागा) सापळ्याचा काळ उणे २० वरून उणे ३० वर जाताना सुमारे अडीच पट होतो. तो काळ तुमच्या एका ओळीच्या काळाच्या आसपास आला की ताऱ्यांना शेपट्या फुटतात. दोन्ही तापमानांना, दोन वेगवेगळ्या ओळीवेगांनी शेपटीची लांबी मोजून पाहा. कधी कधी दहा अंश थंड करण्यापेक्षा वाचनाचा वेग बदलणं जास्त फळतं.

हे सगळं करूनही कक्षेत थंडावा कमी पडला तर दोन वाटा उरतात: उपग्रहाची दिशा आणि सीसीडीचं व्होल्टेज. नासाच्या स्विफ्ट उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचा टीईसी २००४ च्या डिसेंबरमध्ये, प्रक्षेपणानंतर लगेचच, वीजपुरवठ्याअभावी बंद पडला. सीसीडी उणे १०० ऐवजी निव्वळ रेडिएटरवर उणे ५० ते ७० च्या दरम्यान राहिला. त्यांनी उपग्रह कुठे रोखायचा तेच रेडिएटर बघून ठरवायला सुरुवात केली, आणि २००७ मध्ये सबस्ट्रेटचं (चिपच्या पायाच्या थराचं) व्होल्टेज शून्यावरून ६ व्होल्ट करून डार्क करंट खाली आणला. तुमच्या हाती व्होल्टेजचं बटण उडत्या उपग्रहावर असेल अशी सोय आताच करून ठेवा. सबस्ट्रेटला ठरावीक रेझिस्टर लावून मोकळे होऊ नका.

राहिला टीईसी. स्क्रू आणि केबल बदलल्यावर तो जागच्या जागी ठेवून नुसता बंद करू नका. बंद टीईसीही उष्णता वाहतो. दोन थरांच्या लहान मॉड्यूलची वाहकता अंशाला ०.०२ वॅट धरली तर ६० अंशांना पेटीतून १.२ वॅट आत येतील, नव्या बजेटच्या तिप्पट. रेडिएटरवरच जायचं ठरलं तर तो काढून टाका. ठेवायचाच असेल तर त्याची गरम बाजू पेटीवरून सोडवून रेडिएटरच्या पट्ट्याला जोडा, आणि शेवटच्या आठ-दहा अंशांपुरता थोड्या प्रवाहावर कायम चालू ठेवा. तिथेही तो बंद पडला तर ०.३५ वॅटला त्याच्यात १७ अंश पडतील आणि रेडिएटर उणे ६० ला असूनही सीसीडी उणे ३५ च्या आसपास जाईल. ती परिस्थिती चेंबरमध्ये मुद्दाम, वायर काढून, एकदा करून बघा.